‘फिजिकल डॅमेज’चा शेरा

छायाचित्रणाची सामग्री दुरुस्तीस टाकताना ग्राहकाच्या हाती जो एक कागद पडतो, ज्याला त्या व्यवहारात ‘जॉबशीट’ म्हणतात आणि ज्याच्या पाठीवर डोळे दुखतील इतक्या बारीक अक्षरांत कंपनीच्या शर्ती छापलेल्या असतात, त्या कागदावरील एका अरुंद चौकटीत पुढे उद्भवणाऱ्या बहुतेक तंट्यांचे बीज पडलेले असते. ही चौकट वस्तूची बाह्य स्थिती नोंदविण्याची. काउंटरवरचा कारकून घाईघाईने तेथे दोन-तीन इंग्रजी शब्द खरडतो, ग्राहक ते न वाचताच खाली सही ठोकतो, आणि काही दिवसांनी फोन येतो, ‘‘साहेब, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. एस्टिमेट पाठवलंय, अप्रूव्ह करा.’’ हा शेरा लिहिणारा आणि त्या शेऱ्यापायी पैसे मिळविणारा बहुधा एकच असतो, ही गोष्ट ग्राहकाच्या सहसा ध्यानी येत नाही. संगणकाच्या छापील अक्षरांत आलेला तो मजकूर त्याला एखाद्या फैसल्यासारखा वाटतो आणि तो मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून विभक्त झालेल्या आणि आजही सोयाबीनच्या भावावर ज्याच्या बाजारपेठेची तेजीमंदी ठरते अशा वाशीम जिल्ह्यात कॅमेरा ही चैनीची वस्तू कधीच राहिलेली नाही. तुळशीचे लग्न लागले की जे लग्नसराईचे दिवस सुरू होतात त्यांत, रामनवमीला पोहरादेवी येथे देशभरातून बंजारा समाजाचा जो अफाट मेळा जमतो त्यात, आणि हौस म्हणून कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट टिपण्यासाठी उन्हातान्हात बसणाऱ्यांच्या हातीही ही यंत्रे असतात. ती धूळ खातात, पावसाळ्यात दमट हवेत राहतात, मोटारसायकलीच्या डिकीत खडखडत जातात. बिघडली म्हणजे कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्राकडे धाडावी लागतात आणि ते केंद्र बहुधा नागपूर, पुणे, मुंबई अशा ठिकाणी असते. म्हणजे रिसोड किंवा मंगरुळपीरच्या छायाचित्रकाराने आपले उपजीविकेचे साधन कुरियरवाल्याच्या स्वाधीन करायचे, ते कोणी, केव्हा, कसे उघडले हे पाहण्याची त्याला सोय नाही, आणि निष्कर्ष मात्र फोनवर ऐकायचा. ग्राहक आणि उत्पादक यांच्यातील मूळची विषमता या अंतराने दुणावते.

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. रिसोडच्या एका छायाचित्रकाराने नव्वद हजारांचा कॅमेरा घेतला. दोन वर्षांची वॉरंटी. चौदाव्या महिन्यात ऐन मुहूर्तावर शटर अडकले. कॅमेऱ्याच्या तळाशी, तिपाईची पट्टी जेथे घासते तेथे, रंग थोडा उडालेला आहे. केंद्राने शेरा मारला की बाह्य आघातामुळे शटर निकामी झाले आहे, आणि अंदाजपत्रक दिले अठ्ठावीस हजारांचे, वर अठरा टक्के जीएसटी. आता प्रश्न असा की, तळाचा ओरखडा आणि आतले शटर यांचा परस्परसंबंध कोणी सिद्ध केला? ओरखडा आहे हे खरे, शटर मोडले हेही खरे. परंतु दोन गोष्टी एकाच यंत्रात सापडल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वॉरंटीचा सारा तंटा या कार्यकारणाच्या सांध्यावर उभा असतो, आणि नेमका तोच सांधा एस्टिमेटच्या कागदावर मोकळा सोडलेला असतो.

यंत्राची भाषा जाणणाऱ्याला या सांध्याची परीक्षा करणे अशक्य नाही. कॅमेरा उंचावरून खरोखर आपटला असेल तर त्याची साक्ष बहुधा एका ठिकाणी राहत नाही: भिंग ज्या धातूच्या कड्यात बसते ते कडे किंचित तिरपे होते, त्याचे बारीक स्क्रू ताणले जातात, चित्राच्या एका बाजूची रेखीवता टिकते आणि दुसरी बाजू धूसर येते, भिंगाची नळी फिरविताना अडखळते. पाणी शिरले असेल तर परिपथाच्या पट्टीवर पांढुरका-हिरवट गंज चढतो. याउलट शटरची पाती झिजणे, झूम भिंगाच्या आतली चपटी केबल वारंवार दुमडून तुटणे, स्वयंचलित फोकसची मोटर मंदावणे हे दोष वापराने किंवा मूळच्याच कच्चेपणाने उद्भवतात आणि त्यांना आपटण्याची गरज नसते. बुरशीची गोष्ट वेगळी. ती बहुतेक वॉरंटीपत्रांतून स्पष्टपणे वगळलेली असते, आणि पावसाळाभर कॅमेरा बंद पिशवीत ठेवणाऱ्याने त्यासाठी कंपनीशी भांडण्यात फारसा अर्थ नाही. तेव्हा फिजिकल डॅमेजचा शेरा आला की पहिले पत्र विनवणीचे न लिहिता प्रश्नांचे लिहावे: नेमका कोणता भाग बाधित आहे, त्यावर आघाताच्या कोणत्या खुणा आढळल्या, त्या आघाताने हाच दोष कसा उत्पन्न झाला, आणि उघडलेल्या यंत्राची छायाचित्रे कोठे आहेत? ज्या केंद्राकडे खरा पुरावा असतो ते दोन दिवसांत छायाचित्रे धाडते. ज्याच्याकडे नसतो ते पुन्हा तोच शेरा पाठविते, आणि तो पुन्हा आलेला शेरा ग्राहकाने जपून ठेवण्याजोगा असतो.

दोष एका ग्राहकाच्या हातून घडला की संपूर्ण प्रतिकृतीतच तो होता, याचाही शोध आधी घ्यावा. निकॉन कंपनीचा डी-६०० हा कॅमेरा २०१२ साली बाजारात आला आणि त्याच्या संवेदकावर धुळीचे व तेलाचे ठिपके उमटतात अशा तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. पुसून घ्या, स्वच्छ करून घ्या, असे सांगण्यात बराच काळ गेला. अखेर २०१४ साली कंपनीला शटर आणि संबंधित भाग विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर करावे लागले, आणि वॉरंटी उलटून गेलेल्या ग्राहकांनाही ती सवलत मिळाली. मधल्या काळात, १५ मार्च या जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या प्रकरणाचा जाहीर पंचनामा केला होता. त्याआधी, २००५ च्या ऑक्टोबरात, सोनीने बनविलेल्या आणि अनेक नामांकित कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसविलेल्या संवेदकांतील सूक्ष्म तारांचे जोड उष्ण व दमट हवेत सुटतात असे निष्पन्न होऊन त्या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक मोफत दुरुस्तीच्या सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. उष्ण आणि दमट हवा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. ज्याने या सूचना निघण्यापूर्वी स्वतःच्या निष्काळजीपणाचे मोल म्हणून बिल भरले असेल, त्याने वस्तुतः दुसऱ्याच्या कारखान्यातील चुकीचे मोल भरले. म्हणून आपल्या प्रतिकृतीविषयी कंपनीने काही सेवासूचना काढली आहे काय, आणि आपला अनुक्रमांक तीत बसतो काय, हे दुरुस्तीस टाकण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

आता कॅमेरा खरोखरच पडला असेल तर? तर पडला म्हणून सांगावे. खोटे बोलून मिळालेली वॉरंटी टिकत नाही, आणि उघडलेल्या यंत्रात ते लपतही नाही. पडझडीसाठी विम्याची वाट वेगळी असते. परंतु पडल्याची कबुली दिली म्हणजे वाटेल ते बिल मान्य केले असे मुळीच होत नाही. काही कंपन्यांत दुरुस्तीचे ठरावीक वर्ग असतात आणि काम तासाभराचे असो वा दिवसाचे, त्या वर्गाचा पूर्ण दर आकारला जातो. कडे वाकले असता त्याबरोबर मुख्य परिपथही ‘खबरदारी म्हणून’ बदलला जातो. अशा वेळी भागांची किंमत आणि मजुरी यांचा वेगवेगळा तपशील लेखी मागावा, आणि काढलेले जुने भाग परत हवेत असे कामाला मंजुरी देण्यापूर्वीच कळवावे. मंजुरी दिल्यावर ही मागणी केली तर ‘ते भाग नष्ट केले’ असे उत्तर ठरलेले.

सावधगिरीची खरी जागा मात्र काउंटरची आणि त्याआधीच्या घरच्या टेबलाची. कॅमेरा बांधण्यापूर्वी चारही बाजूंची, तळाची, कड्याची, पडद्याची स्वच्छ उजेडात छायाचित्रे घ्यावीत. अनुक्रमांक दिसेल असे एक घ्यावे. बिघाड दाखविणारी एक छोटी चित्रफीत करावी. बिघाडापूर्वीचे शेवटचे मूळ फोटो पुसू नयेत, कारण त्यांच्या पोटात तारीख, वेळ आणि पुष्कळदा अनुक्रमांकही नोंदलेला असतो आणि यंत्र त्या घटकेपर्यंत ठाकठीक चालत होते याची ती आयती साक्ष होय. जॉबशीटवर ‘स्क्रॅचेस’ एवढेच लिहिले जात असेल तर ‘तळाशी तिपाईच्या पट्टीचा घास, अन्यत्र आघाताची खूण नाही’ असे आपल्या हाताने लिहून मगच सही करावी. कारकून तोंड वाकडे करील, करू द्यावे. गावातल्या ओळखीच्या कारागिराकडून ‘जरा उघडून बघ’ म्हणण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एकदा का स्क्रूवरचा लाखेचा ठिपका तुटला की कंपनीच्या हाती आयते निमित्त येते. त्याने बाहेरून तपासून लिहून दिलेले मत तेवढे घ्यावे. आणि कुरियरच्या पावतीवर वस्तूची खरी किंमत लिहावी. तिरुपूरच्या एका निर्यातदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असे ठरविले की, सही केलेल्या पावतीत कुरियर कंपनीची जबाबदारी शंभर डॉलरपुरती मर्यादित केली असेल तर ग्राहकाला त्यापलीकडे जाता येत नाही. चार पैसे वाचविण्यासाठी पाचशे रुपये किंमत लिहिणारा मनुष्य नव्वद हजारांचा कॅमेरा जवळजवळ बेवारशी सोडून देत असतो.

यापुढचा पेच अधिक कठीण. दुरुस्ती होऊन गेली आहे, बिल मान्य नाही, आणि पैसे भरल्याखेरीज केंद्र कॅमेरा देत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० कारागिराला हा अधिकार देते: ज्याने आपल्या श्रमाने वा कौशल्याने वस्तूवर काम केले आहे त्याला, उलट करार नसल्यास, मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून धरता येते. हा अधिकार झालेल्या कामापुरता आहे. ज्या एस्टिमेटला ग्राहकाने मंजुरीच दिली नाही, त्याच्या नावाखाली न केलेल्या दुरुस्तीचे पैसे मागून कॅमेरा अडविता येत नाही. (पाहणीचे शुल्क आधी सांगितलेले असेल तर ते द्यावे लागेल.) लग्नाची तारीख तोंडावर असताना तत्त्वासाठी कॅमेरा केंद्रात पडू देणे शहाणपणाचे नाही. पैसे भरावेत, परंतु त्याच दिवशी लेखी कळवावे की ही रक्कम हरकत राखून, यंत्र सोडवून घेण्यापुरती भरली आहे आणि ती परत मागण्याचा हक्क सोडलेला नाही. एवढ्या एका ओळीअभावी ‘ग्राहकाने बिल राजीखुशीने चुकते केले’ असा बचाव उभा राहतो आणि अर्धी लढाई तेथेच हरली जाते.

यानंतर कंपनीच्या मुख्य कार्यालयास मुदत देऊन पत्र, त्याची पोहोच, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद, असा क्रम ठेवावा. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, तडजोडीचा प्रयत्न करते. पण ज्या कंपन्या रिसोडच्या माणसाचा फोन उचलत नाहीत त्या तिच्या पत्राला उत्तर देतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. एवढ्याने भागले नाही तर वाशीमच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा ग्राहक म्हणून स्वतंत्र दाद मागण्याची जागा या देशात नव्हती; ती १९८६ च्या कायद्याने झाली, आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने त्यात एक फरक असा केला की जो वाशीमसारख्या जिल्ह्याला मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी प्रतिपक्ष जेथे राहतो किंवा धंदा करतो अथवा तक्रारीचे कारण जेथे घडते तेथे जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तेथेच तक्रार दाखल होते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की मुंबईत, वकील तिने वाशीमला धाडायचा. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क शून्य; पन्नास लाखांपर्यंतच्या वस्तूंचे प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते; तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची; वकील सक्तीचा नाही; आणि अर्ज संगणकावरूनही रुजू करता येतो.

कंपनीचा पहिला आक्षेप बहुधा असा येतो की, कॅमेरा व्यवसायासाठी घेतला असल्याने हा मनुष्य कायद्याने ग्राहकच नव्हे. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याने या आक्षेपाला घाबरण्याचे कारण नाही. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे, आणि लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले की, यंत्र स्वतः चालविणाऱ्याने मदतीला एक-दोन माणसे घेतली तरी त्याचे ग्राहकपण जात नाही. म्हणजे भाच्याला दिवे धरायला नेले म्हणून काही बिघडत नाही. मात्र कॅमेरे भाड्याने देणारा, पगारी माणसांकडून चार ठिकाणी काम करविणारा स्टुडिओमालक असेल तर त्याला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागण्याचा संभव मोठा. तक्रारीत ‘मी हा कॅमेरा स्वतः चालवितो आणि यावरच माझे घर चालते’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात असावे.

प्रतिपक्षात विक्रेता, दुरुस्तीकेंद्र आणि उत्पादक या तिघांनाही सामील करावे, आणि कोणाचे काय चुकले ते नावानिशी लिहावे. गोव्यातील एका मोटारखरेदीच्या तंट्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला विक्रेत्याच्या गैरकृत्यातून मोकळे केले, कारण त्या कृत्याची उत्पादकाला माहिती असल्याचे तक्रारदाराने दाखविले नव्हते. त्याच साली दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा बोजा तक्रारदारावरच असतो असेही बजावले. म्हणून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला आधी लिहिलेली पत्रे कामी येतात. परंतु आघात झाला म्हणून वॉरंटी लागू नाही, हे म्हणणे कंपनीचे आहे. ते शाबीत करणेही तिच्याकडेच यावे, विशेषतः यंत्र तिच्या माणसाने, तिच्या खोलीत, ग्राहकाच्या पश्चात उघडले असताना. विम्याच्या प्रकरणांत अपवादाचे कलम पुढे करणाऱ्यानेच तो अपवाद सिद्ध करावा हे तत्त्व न्यायालयांनी पूर्वीच मान्य केलेले आहे, आणि वॉरंटीपत्राला ते तत्त्व का लागू नये याचे समाधानकारक उत्तर मला तरी दिसत नाही.

नोटीस मिळाल्यापासून कंपनीने तीस दिवसांत आपली कैफियत दाखल करायची असते. आयोग फार तर पंधरा दिवस वाढवून देऊ शकतो. हे पंचेचाळीस दिवस उलटले की मुदत वाढत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी दिला आहे. वस्तूची तांत्रिक परीक्षा आवश्यक वाटली तर आयोग ती सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे धाडू शकतो, तिचे शुल्क मात्र तक्रारदाराला भरावे लागते. व्यवहारात पुष्कळ प्रकरणे प्रतिज्ञापत्रे आणि कागदपत्रे यांवरच चालतात. निकाल तीन महिन्यांत, परीक्षा करावी लागल्यास पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. तारखा त्याहून लांबतात, आणि हे आधीच धरून चालावे.

मागणी वाजवी ठेवावी. २००६ साली मारुती मोटारीच्या एका प्रकरणात, वॉरंटीपत्र जर भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची हमी देत असेल तर एका दोषासाठी संपूर्ण मोटार बदलून मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कॅमेऱ्यालाही हाच हिशेब लागतो. २०१९ च्या कायद्यातील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण वर्तमानपत्रांतून फार गाजले, पण खुद्द सदोष वस्तूचे नुकसान त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे, तेव्हा तिकडे शक्ती खर्चू नये. हरकत राखून भरलेले बिल व्याजासह परत, दुरुस्तीला लागलेल्या अवाजवी विलंबाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढे मागितले तर आयोगाला देणे सोपे जाते. विलंबाच्या भरपाईला मात्र आधार लागतो. कॅमेरा केंद्रात अडकलेला असताना ज्या लग्नांचे काम आधीच पत्करले होते त्यांसाठी अकोल्याहून किंवा वाशीमहून दुसरा कॅमेरा भाड्याने आणला असेल, तर त्या दुकानदाराकडून तारीख, कॅमेऱ्याचे नाव आणि रक्कम घातलेली पक्की पावती मागून घ्यावी. तो ‘कशाला हवी’ म्हणेल, कच्ची चिठ्ठी पुढे करील, तरी पक्कीच घ्यावी, कारण बिल न देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे, आणि आयोगापुढे बुडालेल्या दिवसांचा आकडा ठरतो तो अशाच पावत्यांवरून.